झोन आला, म्हणजे नेमकं काय झालं?

सोयाबीन काढणीचे दिवस होते. मी दहा-अकरा वर्षांची असेन. विळा सटकला आणि डाव्या हाताच्या करंगळीला चांगलाच लागला. मी भोकाड पसरलं. आजीनं मान वर करून पाहिलं, धुऱ्यावरचा मूठभर पाला ओरबाडला, दोन्ही तळव्यांत चोळला आणि त्याचा हिरवागार रस माझ्या बोटावर पिळला. आधी झणझणलं, मग गार वाटलं. "रडायलीस कशाला? थांबतंय रगत," एवढंच म्हणाली आणि पुन्हा आपल्या पातीला लागली. रक्त थांबलं. जखमही आठ-दहा दिवसांत भरून आली.

तो पाला कंबरमोडीचा. कुणी त्याला दगडी पाला म्हणतं, कुणी एकदांडी. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. मराठवाड्यात हे झुडूप शोधावं लागत नाही. धुऱ्यावर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानात, बसस्थानकाच्या पडक्या भिंतीतसुद्धा ते असतं. पानं खरखरीत, दातेरी कडांची आणि देठावर समोरासमोर. रोप जमिनीलगत पसरतं आणि मधूनच एक लांबलचक बारीक दांडा वर काढतं. दांड्याच्या टोकाला एकच फूल, मधे पिवळं आणि भोवती पाच-सहा फिकट पाकळ्या. पाकळी जवळून पाहिली तर तिच्या टोकाला तीन दात दिसतात. ट्रायडॅक्स या नावातले 'तीन' ते हेच.

आता मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी असाच एखादा पाला घेऊन येतो. "मॅडम, आमच्याकडं हे जखमेवर लावतात, याच्यावर प्रोजेक्ट करू का?" कधी कंबरमोडी असते, कधी रुई, कधी आघाडा, कधी बाभळीची साल. पंधरा-वीस दिवसांनी तोच विद्यार्थी पळत येतो आणि म्हणतो, "मॅडम, झोन आला!" झोन म्हणजे जिवाणू वाढवलेल्या चपट्या बशीत, म्हणजे प्लेटवर, पाल्याच्या अर्काभोवती जिवाणू न उगवता राहिलेलं स्वच्छ गोल. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मला फार मोलाचा वाटतो. म्हणूनच त्या झोनचा अर्थ नीट समजावून सांगणं मी माझं काम समजते. झोन कसा येतो, काय सांगतो आणि कुठं फसवतो, हे वर्तमानपत्रात 'अमुक पाल्याने जिवाणू मेले' अशी बातमी वाचणाऱ्यालाही कळायला हवं.

या कामाची गरज खरी आहे. जिवाणू औषधांना दाद देईनासे झाल्यामुळे एकट्या २०१९ या वर्षात जगभरात अंदाजे १२ लाख ७० हजार माणसं दगावली. नवी औषधं हवी आहेत. मात्र आज डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात ती अँटिबायोटिक्स मुळात बुरशीतून आली, मातीतल्या जिवाणूंपासून मिळाली किंवा रसायनशाळेत घडवली गेली. पेनिसिलिन बुरशीचं, १९४३ मध्ये सापडलेलं स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जिवाणूचं. पानाफुलांतून निघून या यादीत बसलेलं औषध अजून नाही. पाला हातात घेताना एवढी जाण असावी.

आणखी एक गोष्ट. कंबरमोडीबद्दल 'हजारो वर्षांचं ज्ञान' असं सर्रास म्हटलं जातं. हे रोप मूळचं मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातलं. म्हणजे मिरची आणि बटाट्यासारखंच ते समुद्रापलीकडून आलं, आणि जुन्या संहितांमध्ये त्याचा पत्ता असणं शक्य नाही. मला यात कमीपणा वाटत नाही. शेतात राबणाऱ्या बायकांनी परक्या तणाकडं पाहिलं, चोळून बघितलं, काय होतं ते ध्यानात ठेवलं आणि लेकी-सुनांना सांगितलं. तेही निरीक्षणच. त्याला पुढं तपासायचं काम आमचं.

पाला ओळखणं आणि वाळवणं

पहिली चूक प्रयोगशाळेत पाऊल टाकायच्या आधीच होते. कंबरमोडी म्हणून कुणी माका घेऊन येतं. माकाही सूर्यफुलाच्याच कुळातला, पण त्याला ओल लागते. तो पाटाच्या तोंडाशी किंवा कॅनॉलच्या कडेला येतो, त्याचं फूल पांढरं आणि बारीक असतं, दांडा आखूड. शिवाय चार गावांत एकाच झाडाची चार नावं. म्हणून रोप फुलासकट उपटायचं, वर्तमानपत्रात दाबून वाळवायचं, जाड कागदावर चिकटवायचं आणि खाली गाव, तारीख, जमीन कशी होती ते लिहायचं. याला हर्बेरियमचा नमुना म्हणतात. मग वनस्पतिशास्त्राच्या सरांकडून नाव पक्कं करून घ्यायचं. आपल्या भागासाठी व्ही. एन. नाईक यांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' हा १९९८ चा दोन खंडांचा ग्रंथ आहे, त्याच्याशी ताडून पाहता येतं. नमुना ठेवला नाही तर पुढची सगळी मेहनत कुठल्या झाडावर केली हेच सिद्ध करता येत नाही.

पाला कधी तोडला हेही लिहायचं. आषाढातल्या लुसलुशीत पाल्यातली रसायनं आणि चैत्रात पाण्यावाचून करपलेल्या पाल्यातली रसायनं सारखी नसतात. एकाचा पाला जुलैचा आणि दुसऱ्याचा एप्रिलचा असेल तर दोघांचे आकडे जुळत नाहीत, आणि त्यात दोघांचीही चूक नसते.

पाला धुताना आपल्याकडचं बोअरचं जड पाणी शेवटच्या हाताला वापरू नये, क्षार पानावर बसतात. शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा. वाळवायचा सावलीत, कारण कडक उन्हात काही घटक मोडतात. उन्हाळ्यात पंख्याखाली तीन-चार दिवसांत पाला कुरकुरीत होतो. खरी कसोटी पावसाळ्यात. ढीग जाड राहिला, हवा खेळली नाही, तर आतून बुरशी धरते आणि पुष्कळदा ती डोळ्यांना दिसतही नाही. असा पाला कुटून अर्क काढला आणि झोन आला, तर तो पाल्याचा की बुरशीचा? १९२८ मध्ये लंडनमध्ये पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगच्या प्लेटवर जिवाणू विरघळले होते ते बुरशीनेच. म्हणून पाला पातळ पसरायचा आणि रोज उलटायचा. एवढ्या साध्या कामात कुणी आळस केला की मी रागावते.

अर्क

वाळलेला पाला मिक्सरमधून काढून भुकटी करायची आणि ती एखाद्या द्रवात भिजवायची. कुठला द्रव घेतला यावर अर्कात काय उतरणार ते ठरतं. स्वयंपाकघरातलंच उदाहरण घ्या. चहाचा रंग पाण्यात झटकन उतरतो. हळद मात्र पाण्यात टाकली तर तळाशी बसते, तीच गरम तेलात पडली की तिचा रंग खुलतो. पाल्यातलंही काही पाण्याला सुटतं, काही तेलकट द्रवाला. हेक्झेन मेण आणि तेलं ओढतं. इथाइल ॲसिटेट मधल्या स्वभावाचे घटक घेतं. मिथेनॉल बरंच काही बाहेर काढतं, म्हणून विद्यार्थ्यांचं ते आवडतं. पाण्यात साखर, क्षार आणि टॅनिन उतरतात. टॅनिन म्हणजे बाभळीच्या सालीला तुरट करणारा घटक, कातडं कमावायला लागतो तो.

बऱ्याच ठिकाणी यासाठी सॉक्सलेट नावाचं काचेचं उपकरण असतं. खालच्या चंबूत द्रव उकळतो, वाफ वर जाऊन थंड होते, थेंबाथेंबानं भुकटीवर पडते, भांडं भरलं की अर्क आपोआप खाली उतरतो आणि पुन्हा तेच चक्र. फ्रांझ फॉन सॉक्सलेटनं हे १८७९ मध्ये दुधातली चरबी मोजायला केलं होतं. सोयीचं आहे, पण खाली चंबूत जमलेला अर्क तासन्‌तास उकळत राहतो आणि नाजूक घटक मोडू शकतात.

या मुद्द्यावर मला चीनच्या तू युयू यांची गोष्ट विद्यार्थ्यांना सांगावीशी वाटते. मलेरियावर औषध शोधताना एका वनस्पतीचा अर्क कधी काम करायचा, कधी नाही. त्यांनी सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा एक चिनी वैद्यकग्रंथ उघडला. त्यात ती वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितला होता, उकळायला सांगितलं नव्हतं. उष्णतेनंच घात होत असावा असं त्यांना वाटलं. त्यांनी कमी तापमानाला उकळणारं इथर वापरलं आणि १९७१-७२ च्या सुमारास आर्टेमिसिनिन हाती आलं. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ते औषध जिवाणूंवरचं नाही, मलेरियाच्या परजीवीवरचं आहे, पण अर्क कसा काढला यावर सगळं कसं अवलंबून असतं ते यातून दिसतं.

मग माझ्या आजीनं काय केलं होतं? तिनं ताजा रस पिळला होता. वाळवला नाही, मिथेनॉलमध्ये भिजवला नाही, तापवला नाही. आणि आम्ही तपासतो बहुतेक वेळा वाळलेल्या पाल्याचा मिथेनॉलमधला अर्क. म्हणजे आजीचा दावा राहिला बाजूला, आम्ही भलत्याच पदार्थाची परीक्षा घेतो आणि निकाल मात्र आजीच्या नावावर लावतो. ताजा रसही तपासायलाच हवा. तो ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून घ्यावा लागतो, कारण पाल्यावरचे स्वतःचे जिवाणू रसात असतात आणि तेच प्लेटवर उगवून गोंधळ घालतात.

मिथेनॉलचा अर्क असेल तर मिथेनॉल पूर्ण उडवायचं. खाली गर्द हिरवा, काकवीसारखा चिकट गोळा उरतो. तो वजन करून डीएमएसओ नावाच्या द्रवात विरघळवायचा, समजा एका मिलीलिटरला १०० मिलिग्रॅम. वजन केलंच नाही आणि नुसतं 'अर्क टाकला' असं लिहिलं, तर प्रयोग दुसऱ्याला करून बघता येत नाही.

जिवाणूंचं लॉन

प्लेटमधला जेलीसारखा थर अगारचा. अगार म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेला पदार्थ. किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतो तोच, फक्त शुद्ध केलेला. आधी जिवाणू जिलेटिनवर वाढवत, पण ते उन्हाळ्यात वितळायचं. १८८१ च्या सुमारास जर्मनीत फॅनी हेसे यांनी आपल्या नवऱ्याला जेली घट्ट राखणारा अगार सुचवला आणि तो सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत पोचला. एका बाईच्या स्वयंपाकघरातून निघालेली ही गोष्ट आज जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत आहे. अगार ८५ अंशांच्या आसपास वितळतो आणि ४० अंशांच्या खाली आल्यावरच गोठतो, म्हणून ३७ अंशांना ठेवलेली प्लेट घट्ट राहते.

या परीक्षेसाठी म्युलर-हिंटन नावाचं माध्यम, म्हणजे जिवाणूंचं खाद्य घातलेला अगार, वापरतात. १९४१ मध्ये जॉन म्युलर आणि जेन हिंटन यांनी ते दिलं. ते ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर पंधरा मिनिटं निर्जंतुक करतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच, तत्त्व तेच. मग प्लेट ओतायच्या, थराची जाडी ४ मिमी. कुणी कंजुषीनं पातळ ओतलं तर अर्क खाली जायला जागा नसते, तो बाजूला पसरतो आणि झोन उगाच मोठा दिसतो.

जिवाणू कुठून आणायचे? मनाला वाटेल तिथून नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम संग्रह किंवा चंडीगडचा एमटीसीसी संग्रह इथून ओळख पक्की असलेले जिवाणू मिळतात. गळवात आणि पिकलेल्या जखमेत सापडणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, आतड्यातला ई. कोलाय, भाजलेल्या जखमेत हिरवट पू करणारा स्यूडोमोनास, हे नेहमीचे तीन. हे खेळायचे जीव नाहीत. घरी हा प्रयोग कुणी करू नये, आणि प्रयोगशाळेतही वापरलेली प्लेट ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बाहेर जात नाही.

जिवाणूंची संख्याही ठरलेली असते. नळीतल्या पाण्याचा गढूळपणा एका प्रमाणित गढूळ नळीशी ताडून पाहायचा, मागे काळ्या रेघांचा पांढरा कागद धरून. दोन्ही नळ्यांतून रेघा सारख्याच पुसट दिसल्या की मिलीलिटरमागे साधारण १५ कोटी जिवाणू आहेत असं समजायचं. मग कापसाचा स्वॅब बुडवून, नळीच्या भिंतीला दाबून पिळून, प्लेटवर तीन दिशांनी फिरवायचा, दर वेळी प्लेट थोडी वळवत. अंगण सारवताना हात जसा कुठंही कोरडा ठिपका सोडत नाही, तसा. दुसऱ्या दिवशी त्या जागी जिवाणूंचा सलग पापुद्रा येतो, त्याला लॉन म्हणतात. त्याआधी अगारला ६ मिमीची गोल भोकं पाडायची, म्हणजे वेल, आणि प्रत्येकात अर्क मोजून टाकायचा. साधारण ३५ अंशांना १६ ते १८ तास. अर्कानं जिवाणू वाढू दिले नाहीत तर वेलभोवती लॉनमध्ये स्वच्छ गोल रिकामं राहतं. तो झोन.

कंट्रोल कुठंय?

मी एमएस्सीला असताना माझ्या पहिल्याच प्लेटवर १९ मिमीचा झोन आला. मी प्लेट उजेडाला धरून पुन्हा पुन्हा पाहिली, पट्टीनं तीनदा मोजली. सर आले, प्लेट हातात घेतली आणि एकच प्रश्न विचारला, "कंट्रोल कुठंय?" मी अर्काचेच चार वेल भरले होते. नुसतं मिथेनॉल टाकलेला एकही वेल नव्हता. दुसऱ्या दिवशी तो ठेवला, त्याच्या आदल्या रात्री झोप लागली नाही. त्या वेलभोवतीही जवळपास तेवढाच झोन आला. माझ्या अर्कातलं मिथेनॉल पुरतं उडालेलं नव्हतं. जिवाणू पाल्यानं अडले नव्हते, मिथेनॉलनं अडले होते. दोन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं आणि तेव्हापासून प्लेट हातात घेतली की माझी नजर आधी कंट्रोलवर जाते.

कंट्रोल दोन. एका वेलमध्ये नुसता द्रव, त्याच्याभोवती झोन येताच कामा नये. डीएमएसओसुद्धा जास्त प्रमाणात जिवाणूंना अडवतं, म्हणून हा वेल कधीही वगळायचा नाही. दुसऱ्या ठिकाणी माहितीतलं अँटिबायोटिक, तिथं झोन आलाच पाहिजे आणि तोही ठरलेल्या मापाचा. उदाहरणार्थ, एटीसीसी २५९२२ या प्रमाणित ई. कोलायवर १० मायक्रोग्रॅम जेंटामायसिन हे अँटिबायोटिक भिनवलेल्या कागदी चकतीचा झोन १९ ते २६ मिमीच्या आत यायला हवा. तो बाहेर गेला तर माध्यम बिघडलंय, जिवाणूंची संख्या चुकलीय किंवा तापमान चुकलंय. त्या दिवशीचे अर्काचे आकडेही मग टाकून द्यायचे.

तापमानाचं आपल्याकडं विशेष आहे. साधा इन्क्युबेटर, म्हणजे प्लेट उबेत ठेवायचं कपाट, फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही. मे महिन्यात खोलीतच ४१-४२ अंश असतील तर आतलं तापमान ३५ ला येणारच नाही. काटा कुठंही लावा, प्लेट तापतेच. एका उन्हाळ्यात आमचं लॉन विरळ आलं आणि सगळे झोन फुगलेले दिसले. मुलं खूश झाली होती. जेंटामायसिनचा झोनही तेवढाच फुगला होता, त्यावरून घोळ लक्षात आला. थंड करण्याची सोय असलेला बीओडी इन्क्युबेटर मिळाल्यावर झोन पुन्हा मापात आले. पुस्तकात हा प्रश्न येत नाही, कारण पुस्तकं थंड देशातल्या खोलीत लिहिली गेली.

मिलिमीटरचा मोह

आता समजा सगळे कंट्रोल बरोबर आले आणि अर्काचा झोन १६ मिमी भरला. जेंटामायसिनचा २०. विद्यार्थी निष्कर्षात लिहून टाकतो की अर्क जवळपास अँटिबायोटिकइतका प्रभावी आहे. हे वाक्य मी दरवर्षी लाल पेनानं खोडते.

हिशेब करून पाहा. वेलमध्ये ५० मायक्रोलिटर अर्क गेला, मिलीलिटरला १०० मिलिग्रॅम या दरानं. म्हणजे ५ मिलिग्रॅम, म्हणजेच ५००० मायक्रोग्रॅम. चकतीत जेंटामायसिन १० मायक्रोग्रॅम. पाचशेपट माल टाकून अर्क चार मिलिमीटर मागे आहे. अर्कात शेकडो घटक असतात आणि त्यातला एखादाच कामाचा असेल हे खरं, पण तुलना करताना आकडा लपवून चालत नाही.

दुसरी अडचण पसरण्याची. ओल्या फडक्यावर निळीचा थेंब टाकला तर तो क्षणात पसरतो. त्याच फडक्यावर करडीच्या तेलाचा थेंब टाकला तर तो तिथंच बसून राहतो. अगारमध्ये बहुतांश पाणीच असतं. जो घटक पाण्यात सहज सरकतो त्याचा झोन मोठा, जो तेलकट किंवा आकारानं बोजड त्याचा लहान. हेक्झेनच्या अर्कातला घटक खूप ताकदीचा असूनही वेलच्या काठावरच अडकू शकतो. तेव्हा झोन लहान म्हणजे अर्क कमजोर, असं म्हणता येत नाही. झोन फक्त एवढंच सांगतो की इथं काहीतरी आहे, पुढं बघा.

पुढं बघायची रीत म्हणजे एमआयसी, जिवाणूंची वाढ रोखणारं कमीत कमी प्रमाण. त्यासाठी हाताच्या तळव्याएवढी प्लास्टिकची प्लेट असते, तिला ९६ बारीक खळगे. पहिल्या खळग्यात मिलीलिटरला १००० मायक्रोग्रॅम अर्क. त्यातला निम्मा पुढच्यात, त्यातला निम्मा त्याच्या पुढच्यात. एक भाकरी अर्धी करायची, अर्धीची चतकोर, चतकोराची नितकोर, तसं. १०००, ५००, २५०, १२५ असं उतरत जायचं आणि सगळीकडं सारखे जिवाणू टाकायचे. दुसऱ्या दिवशी जिथवर वाढ नाही तिथला शेवटचा आकडा ही एमआयसी.

पाल्याचा अर्क स्वतःच हिरवा-काळपट असल्यानं गढूळपणा नजरेला कळत नाही. म्हणून रेझाझुरिन नावाचा निळा रंग टाकतात. जिवंत जिवाणू त्याला गुलाबी करतात. निळ्या आणि गुलाबी खळग्यांची सीमा शोधायची. इथंही एक खोच आहे. काही अर्कांतले घटक जिवाणू नसतानाही हा रंग गुलाबी करू शकतात. म्हणून एक रांग नुसत्या अर्काची, जिवाणूंशिवाय. कंट्रोल सुटत नाही तो नाहीच.

आकडा किती यावर बरंच ठरतं. अर्काची एमआयसी मिलीलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर जाणकार कान टवकारतात. एक मिलिग्रॅमच्या वर गेली तर औषधाच्या दृष्टीनं त्यात फारसं हाती लागत नाही. कारण समजायला सोपं आहे. समजा एमआयसी मिलीलिटरला ५ मिलिग्रॅम आली. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. नुसत्या रक्तातच तेवढं प्रमाण राखायचं तर एका वेळी २५ ग्रॅम सुका अर्क थेट रक्तात हवा. पोटातून शोषला जाऊन तेवढा रक्तात पोचणं शक्य नाही, आणि पोचलाच तर आधी माणसाला सोसायला हवा. जखमेवर लावायच्या औषधाला हा हिशेब तितका कडक लागत नाही, कारण तिथं प्रमाण भरपूर ठेवता येतं. कंबरमोडीसारख्या पाल्याचा विचार म्हणूनच लेप म्हणून करणं मला जास्त रास्त वाटतं.

निकाल वाचताना कुठला जिवाणू अडला तेही पाहावं. १८८४ मध्ये हान्स ग्रामनं रंगावरून जिवाणूंचे दोन गट पाडले. ग्राम पॉझिटिव्ह जिवाणूंची भिंत जाड असते, पण घटकांना आत शिरू देते. ग्राम निगेटिव्हना भिंतीबाहेर आणखी एक तेलकट पडदा असतो, शिवाय आत आलेलं बाहेर फेकणारे पंप असतात. म्हणून वनस्पतींचे अर्क स्टॅफिलोकॉकसला बऱ्याचदा अडवतात आणि ई. कोलाय किंवा स्यूडोमोनाससमोर हात टेकतात. ग्राम पॉझिटिव्हवर झोन आल्याची बातमी त्यामुळे फारशी नवलाची नसते. स्यूडोमोनासवर कमी प्रमाणात काम करणारा अर्क मिळाला तर मात्र मी खुर्चीतून उठून बघायला जाईन.

पंपांचे हे प्रकरण वनस्पतींनाही ठाऊक असावं असं दिसतं. दारुहळदीच्या जातीतल्या झाडांत बर्बेरिन नावाचा पिवळा घटक असतो. एकटं बर्बेरिन स्टॅफिलोकॉकसपुढं दुबळं पडतं, कारण जिवाणू ते पंपानं बाहेर काढतो. २००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की त्याच झाडांत आणखी एक घटक असतो, स्वतः जिवाणूला काही न करणारा, पण तो पंप बंद पाडणारा. दोघं मिळून काम फत्ते करतात. अर्कातला एकेक घटक वेगळा करत गेलं की कधीकधी ताकद नाहीशी होते, ती अशी. मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

प्लेटवर न दिसणारं

जिवाणू मरणं ही एक बाजू. ब्लीचिंग पावडरनंही जिवाणू मरतात, म्हणून ती कुणी पोटात घेत नाही. अर्क माणसाच्या पेशींना, तांबड्या रक्तपेशींना काय करतो ते वेगळं तपासावं लागतं. त्यापुढं प्राणी, त्यापुढं माणसांवरच्या रीतसर चाचण्या. महाविद्यालयातला प्रोजेक्ट या रस्त्याचं पहिलं पाऊल असतो.

आणि माझ्या करंगळीचं रक्त थांबलं, त्यात जिवाणूंचा काही संबंधच नसू शकतो. तुरट घटकांनी रक्त गोठायला मदत होऊ शकते, नुसत्या दाबानंही लहान जखम थांबते. पाला खरोखर उपयोगी असेल आणि तरी आमची प्लेट कोरी राहील, असंही घडू शकतं. प्लेट एकच प्रश्न विचारते, जिवाणू वाढतो का नाही.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. धनुर्वाताचा जिवाणू मातीत आणि शेणात बीजाणूंच्या रूपात असतो आणि त्याला हवेतला ऑक्सिजन चालत नाही, तो खोल जखमेत वाढतो. आमच्या नेहमीच्या इन्क्युबेटरमधल्या उघड्या हवेत तो उगवतच नाही. म्हणजे आमच्या प्लेटवर कितीही मोठा झोन आला तरी धनुर्वाताबद्दल त्यातून काहीही कळत नाही. उलट धुऱ्यावरचा न धुतलेला पाला शेणमातीनं भरलेला असतो. शेतात विळा, कोयता, कुळव लागला तर जखम स्वच्छ वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्या. खोल जखमेत पाला कोंबू नका.

यंदा एका विद्यार्थिनीनं कंबरमोडीच घेतली आहे. तिच्या पहिल्या प्लेटवर अर्काभोवती झोन आला आणि डीएमएसओच्या वेलभोवतीही अंधूकसा दिसला. तिनं स्वतःच तो मला दाखवला, लपवला नाही. डीएमएसओचं प्रमाण कमी करून तिनं पुन्हा प्लेट टाकल्या. सोबत तिच्या आजीच्या रीतीनं पिळलेला ताजा रस, गाळणीतून गाळून. वहीत लिहिलंय: पाला श्रावणातला, फुलासकट, गावच्या पांदीतला. वाळवलेला नाही. कंट्रोल दोन, प्लेट तीन-तीन. दुपारी दोनला इन्क्युबेटरमध्ये ठेवल्यात, उद्या सकाळी आठला उघडायच्या.